कानातला नाद आणि कंठातले नाम

सोनपेठच्या उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला परळीचे वैजनाथ, पूर्वेला जनाबाईचे गंगाखेड आणि परळीच्या पलीकडे मुकुंदराज-दासोपंतांचे अंबाजोगाई. ही तिन्ही गावे सोनपेठपासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत येतात. ईशान्येला आणखी पुढे गेले की औंढा नागनाथ आणि नामदेवांची नरसी. हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा होईपर्यंत ही शेवटची दोन्ही गावेही परभणीतच होती. एवढ्याशा टापूत एवढी नावे मराठीच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडतील. यातल्या बहुतेक नावांना एक विषय चिकटलेला आहे आणि त्याचा उच्चार आज या भागातल्या कीर्तनातही क्वचितच होतो: अनाहत नादाचे ध्यान. कुठेही आघात न होता आतच वाजणारा नाद ऐकत राहायचे, त्यात मन विरवायचे आणि जीव-शिवाचे ऐक्य साधायचे, अशी ही साधना. तिच्याबद्दल सर्वसाधारण समजूत अशी की ती नाथजोग्यांची होती, वारकऱ्यांनी योगाला रजा दिली तेव्हा तीही गेली आणि आता ती पाहायची तर पंजाबातल्या राधास्वामी सत्संगात. पुरावे जवळून पाहिले तर ही समजूत टिकत नाही. गोदाकाठच्या संतांनी ही साधना टाकली नाही. तिचे कुलूप काढले. एकट्याच्या कानात जे चालत होते ते चारचौघांच्या कंठात आणले, आणि आत ऐकण्याचा जो भाग उरला तो नामदेवांबरोबर उत्तरेला गेला.

आधी ही साधना प्रत्यक्षात काय आहे ते पाहायला हवे, कारण ‘अनाहत’ हा शब्द आपल्याकडे इतका सैल वापरला जातो की त्यात काहीही कोंबता येते. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’चा चौथा उपदेश याबाबत अगदी रोखठोक आहे. साधकाने मुक्तासनात बसावे, शांभवी मुद्रा लावावी आणि उजव्या कानात आतला नाद ऐकावा. कान, डोळे, नाक आणि तोंड बंद करण्याची रीतही तिथेच दिली आहे. सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे आवाज येतात. मग मर्दल, शंख, घंटा यांसारखे. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंग्याचा गुणगुणाट. मोठ्या आवाजाकडून सूक्ष्माकडे सरकत जायचे आणि मन कोणत्याही एका नादात मुरले की तिथेच त्याला मुरू द्यायचे. आदिनाथाने लयाचे सव्वा कोटी प्रकार सांगितले, पण नादानुसंधान हा त्यांतला मुख्य, असे स्वात्माराम म्हणतो. त्याहून महत्त्वाचे त्याने जाता जाता सांगितले आहे: ज्यांना तत्त्वबोध झेपत नाही अशा अज्ञ माणसांनाही चालेल म्हणून गोरक्षनाथांनी ही नादोपासना सांगितली. म्हणजे योगाच्या पोथीतच ही वाट अडाण्यांसाठी राखलेली आहे. पुढे संतांनी काय केले ते समजून घ्यायला हे वाक्य लक्षात ठेवावे लागते.

यावर आजचा वाचक एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. कानात बोटे घातली की कुणालाही घरघर ऐकू येते. ती स्नायूंची आणि रक्तप्रवाहाची असते, त्यात ब्रह्म कुठून आले? याचे उत्तर ग्रंथांच्याच रचनेत आहे. पहिले आवाज ढोबळ आणि मोठे, हे ते स्वतःच सांगतात आणि साधकाने तिथे थांबावे असा त्यांचा आग्रह नाही. नाद हा मनाला बांधण्याचा खुंटा आहे; खुंटा कशाचा बनला आहे यावर बांधणे अवलंबून नसते. शिवाय एका रिवाजाचा इतिहास लिहिताना माणसांनी काय ऐकले यापेक्षा त्यांनी ते कुणाला सांगितले, कुणापासून लपवले आणि त्यावर काय उभारले हे अधिक कामाचे आहे. शरीरशास्त्राचा प्रश्न मी इथेच सोडतो.

नादाच्या दोन वाटा कुठे फुटतात ते मराठवाड्याच्या भूमीवरच लिहिले गेले आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघणाच्या काळात, देवगिरीच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेब-दप्तराचा मोठा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून आलेले, नातू दख्खनचा झालेला. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे गायक आपला मानतात. संगीतावरच्या या ग्रंथात स्वराध्यायाच्या आरंभी शरीराची आणि चक्रांची माहिती येते, मग आहत आणि अनाहत नादाचा भेद येतो. अनाहताची उपासना मुनी गुरूने दाखवलेल्या मार्गाने करतात, ती मुक्ती देते, पण तिच्यात रंजन नाही. म्हणून लोकांसाठी आहत नादाची वाट, असे तो म्हणतो आणि श्रुती-स्वरांकडे वळतो. हिशेबनीस माणसाला शोभेल अशी ही वाटणी आहे. मुक्ती एका खात्यात, रंजन दुसऱ्या खात्यात. पुढच्या शंभर वर्षांत याच खोऱ्यातल्या माणसांनी ही दोन खाती एक केली, आणि माझ्या मते वारकरी कीर्तनाचा अर्थ या जमाखर्चाशिवाय लागत नाही.

मुकुंदराज त्याही आधीचा: त्याच्या ‘विवेकसिंधू’चा परंपरागत काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८. त्याच्या काळाबद्दल आणि स्थळाबद्दल वाद आहे. अंबाजोगाईइतकाच विदर्भातल्या अंभोऱ्याचाही त्याच्यावर हक्क सांगितला जातो. म्हणून त्याच्यावर फार भार टाकत नाही. एवढे मात्र निश्चित की आदिनाथापासून आपली परंपरा सांगणारा हा ग्रंथकार वेदान्ताची चर्चा मराठीत करतो, आणि संस्कृत येत नसलेल्यांना ती कळावी हाच त्याचा हेतू आहे. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत असा वाद उरत नाही. शके १२१२, नेवासे. सहाव्या अध्यायात गीतेच्या मूळ श्लोकांत नसलेले कुंडलिनीचे वर्णन ज्ञानदेव भरभरून करतात. ती हृदयाशी आली की अनाहताच्या मेघाने आकाश दुमदुमू लागते, ही प्रतिमा त्यांचीच. हठयोगप्रदीपिकेच्या निदान शंभर वर्षे आधी, बोलभाषेत, ओवीत, श्रोत्यांसमोर हे सांगितले गेले. आणि आपण नाथांच्या खुणेची गोष्ट उघड करतो आहोत याची जाणीव त्या जागी स्पष्ट आहे.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो. हरिपाठात योग-यागाने सिद्धी होत नाही असे सांगितले आहे, बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या मागे लागलेल्या योग्यांचे कष्ट रंगवून सांगितले आहेत; मग ज्ञानदेवांनी योग नाकारला हे मान्य का करू नये? विसंगती इतकी जाणवली की शिवरामपंत भारद्यांनी ज्ञानेश्वरी लिहिणारा आणि अभंग रचणारा असे दोन वेगळे ज्ञानदेव मानले, आणि त्या वादात मराठी अभ्यासकांनी बरीच वर्षे घातली. पण विसंगती एकट्या ज्ञानेश्वरीतही आहे, आणि तिथे तरी लेखक एकच आहे. जो हात सहाव्या अध्यायात कुंडलिनी उठवतो तोच नवव्या अध्यायात कीर्तनाच्या नाचाने प्रायश्चित्तांचा धंदा बसवला असे लिहितो, आणि नामाच्या घोषाने विश्व भरून टाकतो. दोन ज्ञानदेव मानून हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो अठराव्या अध्यायाच्या शेवटी, जिथे गुरुपरंपरा सांगताना ज्ञानदेव म्हणतात की कलीने गिळलेल्या जिवांना सोडवण्याची आज्ञा गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना दिली. ज्या ब्रह्मगिरीवर ही दीक्षा झाल्याचे परंपरा मानते तिथेच गोदावरी उगम पावते. म्हणजे गुपित उघडे करण्याचा आदेश नाथपरंपरेच्या आतूनच आला, असे खुद्द शिष्य सांगतो आहे. वारकरी नाथांपासून फुटले असे म्हणण्यापेक्षा नाथांनीच आपले बी वारीत पेरले असे म्हणणे या पुराव्याला धरून आहे. गळ्यात शैली-शिंगी घालून ‘अलख’ पुकारणारा गोसावी आणि टाळकरी हे दोघे एकमेकांचे विरोधक असल्याचे चित्र नंतरचे आहे.

औंढ्याच्या गोष्टीकडे आता वळू. गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरवलेले नामदेव गुरू शोधत नागनाथाच्या देवळात येतात आणि विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसतात. पाय जिकडे हलवावेत तिकडे पिंड. ही कथा मराठी घराघरात ठाऊक आहे आणि तिचा अर्थ ‘देव सर्वत्र आहे’ एवढ्यावर आटोपला जातो. विसोबा कोण होते याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. त्यांच्या नावाची ‘षट्स्थळ’ ही रचना रा. चिं. ढेरे यांनी अभ्यासकांपुढे आणली. षट्स्थल ही वीरशैवांची कल्पना. भक्तस्थलापासून सुरू होणारा जिवाचा प्रवास सहाव्या पायरीवर, ऐक्यस्थलात, शिवाशी एक होऊन संपतो. म्हणजे नामदेवांचे गुरू नाथ, वीरशैव आणि विठ्ठलभक्त यांच्या तिठ्यावर उभे होते. ज्याला परळी-सोनपेठचा भाग माहीत आहे त्याला याचे नवल वाटू नये. या पट्ट्यात लिंगायत वस्ती जुनी आहे आणि ती पंढरीच्या वाटेपासून कधीच दूर राहिली नाही. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला समाधी असलेल्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत लिहिले आणि अभंगही रचले. पेठेच्या गावात एकाच रस्त्याने जंगम, गोसावी आणि हरिदास येत असतील तर त्यांचे शब्द एकमेकांत मिसळणारच.

नामदेवांच्या मराठी गाथ्यात प्रेम आहे, रुसवा आहे, विठ्ठलाशी भांडण आहे. अनाहताचा शोध घ्यायचा तर हाताला थोडेच लागते. पण १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि तिथला नामदेव दुसऱ्याच सुरात बोलतो. सोरठ रागातल्या एका पदात सद्‌गुरू भेटल्यावर आपण नादात सामावलो असे तो सांगतो. जिथे झिलमिल प्रकाश दिसतो तिथेच अनाहत शब्द वाजतो आणि ज्योत ज्योतीत मिळते. त्याच रागातल्या दुसऱ्या पदात कातडे न मढवलेला मृदंग वाजतो आणि श्रावणाशिवाय ढग गडगडतात. ज्ञानदेवांच्या सहाव्या अध्यायातला मेघ इथे पुन्हा भेटतो.

तो नामदेव वेगळाच होता, ही हरकत जुनी आहे आणि दुर्लक्ष करण्याजोगी नाही. नावे सारखी असतात, पदे फिरतात, गाणारे बदल करतात. पण या पदांत बीठल म्हणून विठ्ठल येतो, आणि नादात सामावल्याचे सांगणाऱ्या पदातली भूतकाळाची रूपे मराठीसारखी ‘ल’ घेऊन येतात. एकट्या ‘ल’वर कुणी भरवसा ठेवू नये, पूर्वेकडच्या हिंदी बोलींतही तो आहे, विठ्ठल मात्र तिकडचा नाही. त्याहून वजनदार मुद्दा निवडीचा आहे. पंढरपुरात जे गायले गेले ते पंढरपूरने जपले आणि पंजाबात ज्याची गरज होती ते पंजाबने जपले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांची आठवण आहे, पण तिथे चंद्रभागा नाही, वाळवंट नाही, दिंडी नाही. तिथल्या श्रोत्याला पटण्यासारखा होता तो निर्गुण शब्द. एकाच माणसाच्या दोन बाजू दोन प्रांतांत वेगवेगळ्या वाढल्या आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्या दोन माणसांच्या मानल्या, असे मला वाटते.

जनाबाईकडे पाहताना आक्षेप आणखी धारदार होतो. गंगाखेडची ही दासी नामदेवांच्या घरी राबली, दळताकांडताना गायली, हे तिचे रूप लोकांना आवडते. पण तिच्या नावावर असेही अभंग आहेत ज्यांत त्रिकूट, श्रीहाट, गोल्हाट, औटपीठ यांची स्थाने आणि त्यांचे रंग क्रमाने येतात, शून्याच्या पलीकडचे सांगितले जाते आणि चारी वाचा थकल्यावर सोहम्-ज्योत झळकते. हे एखाद्या योग्याने मागाहून घुसडले, दळणाऱ्या बाईला औटपीठ कुठून माहीत, असे म्हटले जाते. या ‘कुठून माहीत’मध्ये थोडा तोरा आहे. ज्ञानदेव, विसोबा, गोरोबा ज्या घरात बसत-उठत होते तिथल्या बाईच्या कानावर हे शब्द पडले नसतील असे मानायला फार कष्ट पडतात. तरीही क्षणभर धरून चालू की हे अभंग तिचे नाहीत. मग प्रश्न असा की मागाहून रचणाऱ्याने तिचेच नाव का घेतले? त्याला ज्ञानदेव होते, चांगदेव होते, योगी म्हणून मुक्ताबाई होती. चक्रांचे आणि नादाचे ज्ञान एका शूद्र दासीच्या मुखी घालावे आणि ऐकणाऱ्यांनी ते खपवून घ्यावे, ही गोष्टच मूळ मुद्दा सिद्ध करते. गोदाकाठच्या लोकांच्या मनात ही साधना जोग्याच्या मठीतून केव्हाच बाहेर आली होती. अभंग अस्सल असले तर जनाबाई साक्षीदार; बनावट असले तर ते गाणारा सगळा समाज साक्षीदार.

हे सारे मान्य करूनही कुणी विचारेल की कीर्तनाचा गजर आणि आतला नाद यांचा संबंध काय? एक बाहेरचा गोंगाट, दुसरी आतली शांतता. पण सप्ताहातल्या कीर्तनाची चढती वाट पाहावी. वीणेचा षड्ज अखंड चालू असतो. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नाही, पहारा बदलतो पण वीणेकरी उभाच, हा नियम आजही मराठवाड्यातल्या गावोगावी पाळतात. त्यावर टाळांचा चुरचुरीत घोळ, त्याखाली पखवाजाची मेघासारखी थाप, आणि शेवटी ‘विठ्ठल विठ्ठल’ या एकाच नावाच्या आवर्तनात बाकीचे शब्द गळून जातात. मेघ, मर्दल, घंटा, वीणा हे स्वात्मारामाचे नाद इथे हाताने वाजवले जाताहेत. कुणी ठरवून हा आराखडा केला असा माझा दावा नाही. परिणाम मात्र तोच साधला जातो: अनेक आवाजांतून एका आवाजाकडे आणि एका आवाजातून मनाच्या विसाव्याकडे. शार्ङ्गदेवाने रंजनाच्या खात्यात टाकलेला आहत नाद इथे मुक्तीच्या खात्यावर जमा झाला.

उत्तरेकडची, राधास्वामींची कथा थोडक्यात अशी. आग्र्याच्या शिवदयाल सिंहांनी (१८१८–१८७८) १८६१ मध्ये सत्संग सर्वांसाठी खुला केला; त्यांचे शिष्य जयमल सिंह १८९१ मध्ये पंजाबात बियास नदीकाठी स्थिरावले. त्यांची साधना सुरत-शब्द-योग म्हणून ओळखली जाते. सुरत म्हणजे जिवाचे अवधान, ते आतल्या शब्दाला जोडायचे. घंटा आणि शंख, मग मेघ आणि मृदंग, मग किंगरी-सारंगी, मग बासरी, मग वीणा अशा पायऱ्या, कानावर अंगठे, उजव्या बाजूचा आवाज पत्करायचा, डावीकडचा सोडायचा. त्रिकुटी, सुन्न, भंवरगुफा ही त्यांच्या मुक्कामांची नावे वाचताना मराठी गाथा हाताळलेल्या माणसाला त्रिकूट, शून्य, भ्रमरगुंफा आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिकडे ‘भजन’ म्हणजे एकट्याने डोळे मिटून ऐकणे. आपल्याकडे भजन म्हणजे दहा टाळ आणि एक पखवाज. पण हा सारा वारसा मराठीतूनच गेला असे म्हणणे अतिरेक होईल. गोरखाच्या वाण्या, कबीर, नानक यांच्यातही हाच शब्दसंग्रह आहे आणि राधास्वामी परंपरा कबीर-नानकांना अधिक जवळची मानते. गोदावरीचे पाणी त्या प्रवाहात नामदेवांमार्फत मिसळले, एवढेच म्हणता येते, आणि तेवढे ६१ पदांनी लेखी आहे. पण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात आत ऐकण्याची साधना वेगळ्या वाटेने राहिलीच होती. ती सांगणारे तिथले निंबरगी महाराज स्वतः लिंगायत. त्यांच्या परंपरेतल्या गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ काढला तेव्हा संतांच्या वचनांतले रंगांचे, प्रकाशांचे आणि नादांचे अनुभव वेगळे काढून दाखवले. हा माणूस ते पुस्तकाबाहेरूनही ओळखत होता, हे त्याच्या लिहिण्यात कळते.

राधास्वामींच्या पूर्वपीठिकेत एक मराठी नाव मात्र ठळकपणे सांगितले जाते. शिवदयाल सिंहांच्या घराण्याची ज्यांच्यावर श्रद्धा होती ते हाथरसचे तुलसी साहेब, ‘घट रामायण’कार, १८४३ च्या सुमारास वारलेले, हे पेशव्यांच्या गादीचे वारस श्यामराव असून राज्याभिषेकाच्या आधी पळून गेले आणि धाकटा भाऊ बाजीराव गादीवर बसला, अशी ती कथा. मराठी वाचकाला हे ऐकून बरे वाटेल, पण पेशव्यांची वंशावळ तिला जागा देत नाही. राघोबादादांचा दत्तक मुलगा अमृतराव, मग बाजीराव, मग चिमाजीअप्पा. श्यामराव कुठेच नाही. पेशव्यांना राज्याभिषेक नसे, वस्त्रे मिळत. बाजीरावाचा एक थोरला भाऊ पुढे खरोखर उत्तरेत जाऊन राहिला, तो अमृतराव. त्याची सावली या कथेवर पडली असणे शक्य आहे. संताच्या त्यागाचे मोल वाढवायला सोडून दिलेले राज्य उपयोगी पडते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात नुकतेच बुडालेले सर्वांत मोठे राज्य पुण्याचे होते.